कंबरेतून पायात उतरणारी कळ : शस्त्रक्रियेविना उपचार कसे करावेत

कंबर दुखणे आणि कंबरेतील नस, म्हणजे मज्जातंतू, दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपले दुखणे यांपैकी कोणते हे ओळखल्याशिवाय कोणत्याही उपचाराला हात घालू नये. स्नायू किंवा सांध्यांमुळे होणारा ठणका बहुधा कंबरेतच राहतो. फार तर नितंबापर्यंत किंवा मांडीच्या मागच्या बाजूपर्यंत पसरतो, आणि तो नेमका कुठे आहे हे बोटाने दाखवता येत नाही. नस सुजली किंवा चेपली गेली असेल, तर कळ अरुंद पट्ट्यासारखी पायात उतरते, बहुतेक वेळा गुडघ्याच्या खाली पोटरी किंवा पावलापर्यंत पोहोचते, विजेचा झटका बसावा किंवा आग व्हावी तशी वाटते, आणि तिच्यासोबत मुंग्या किंवा बधिरपणा येतो. कंबरेपेक्षा पायच जास्त दुखतो, खोकताना किंवा शिंकताना कळ थेट पायात जाते, असे रुग्ण सांगतो तेव्हा नसेचाच संशय घ्यावा. हीच सायटिका. आयुर्वेदात तिला गृध्रसी म्हणतात, कारण रुग्ण गिधाडासारखा लंगडत चालतो.

नसेला नेमके काय होते

कंबरेत पाच मणके असतात आणि प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, जिला आपण बोलताना गादी म्हणतो. तिचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे आणि आतला गर मऊ असतो. ‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी असला तरी तो फसवा आहे, कारण गादी जागची हलत नाही. तिच्या कड्याला चीर जाते आणि त्यातून आतला गर फुगून किंवा फुटून बाहेर येतो. सरकलेली गादी ‘बसवून देणारे’ हात याच गैरसमजावर चालतात. बहुतेक वेळा हा प्रकार सर्वांत खालच्या दोन चकत्यांमध्ये घडतो, आणि शरीरातील सर्वांत जाड नस तयार करणारी मुळे तिथूनच बाहेर पडतात.

चकतीतून बाहेर आलेला गर नसेवर दाब देतो हे मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकी शल्यविशारदांनी १९३४ साली दाखवून दिले, आणि त्यानंतर कित्येक दशके वैद्यकाने या दुखण्याकडे केवळ दाबाच्या दृष्टीने पाहिले : दाब आहे, तर तो काढून टाका. पण निरोगी नस नुसती दाबली तर तिला प्रामुख्याने मुंग्या आणि बधिरपणा येतो. ती असह्य दुखू लागते ती सुजल्यावर, आणि चकतीतील गर हा स्वतःच सूज आणणाऱ्या रसायनांचा साठा असतो. शस्त्रक्रियेविना उपचार शक्य होतात ते या सुजेमुळेच. सूज ओसरली की फुगवटा तसाच असूनही दुखणे जाऊ शकते. शिवाय बाहेर आलेला गर शरीराला परका वाटतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी त्याला हळूहळू खाऊन टाकतात. सुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा लहानशा फुगवट्यापेक्षा जास्त प्रमाणात विरघळतो, ही ऐकायला उलटी वाटणारी गोष्ट अनेक अभ्यासांत दिसून आलेली आहे.

उतारवयात कारण वेगळे असते. सांधे आणि स्नायुबंध जाड होऊन मणक्यांतील पोकळी अरुंद होते, आणि थोडे चालल्यावर दोन्ही पाय भरून येतात, जड होतात. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडतो. याचे व्यायाम चकतीच्या दुखण्यापेक्षा उलटे असतात, म्हणून हा फरक आधी स्पष्ट करून घ्यावा.

वाट पाहायची नाही अशी लक्षणे

लघवी होत नसेल किंवा लागल्याचे कळत नसेल, लघवी वा शौचावरचा ताबा सुटला असेल, खोगिरावर बसताना जो भाग टेकतो तो, म्हणजे जांघांची आतली बाजू आणि गुदद्वाराभोवतीचा भाग, बधिर झाला असेल, किंवा दोन्ही पायांतील ताकद कमी होत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. अशा वेळी शस्त्रक्रिया टाळणे हा शहाणपणा नसतो. काही तासांच्या विलंबानेही कायमचे नुकसान होऊ शकते. पाऊल लटके पडत असेल, ताप असेल, कारणाशिवाय वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग झाला असेल, दीर्घकाळ स्टिरॉइड घेतली असतील किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तरी घरगुती उपचार बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

यांपैकी काहीही नसेल, तर स्वतःची साधी नोंद ठेवायला सुरुवात करावी. कळ कुठपर्यंत उतरते ते रोज लिहावे. आधाराला भिंत धरून आधी टाचांवर आणि मग चवड्यांवर दहा-दहा पावले चालून पाहावे. टाचांवर चालताना चवडा उचलला जात नसेल, अंगठा वर ओढता येत नसेल आणि पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा असेल, तर पाचव्या कंबर-मणक्याच्या नसेकडे बोट जाते. चवड्यावर उभे राहताना पोटरी दगा देत असेल आणि पावलाची बाहेरची कड बधिर असेल, तर त्याखालच्या नसेकडे. ही चाचणी तपासणीला पर्याय नाही, पण आठवड्याआठवड्याला ताकद टिकून आहे की घटते आहे हे तिच्यातून कळते, आणि पुढचे बरेच निर्णय त्यावरच अवलंबून असतात.

एमआरआयची घाई का नको

धोक्याची लक्षणे नसताना पहिल्या सहा आठवड्यांत एमआरआय काढल्याने उपचारात सहसा काहीच बदल होत नाही. उलट अहवालातील भाषा माणसाला घाबरवते. काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या चित्रांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांच्या चकत्यांत फुगवटा असतो, आणि तरी त्यांना त्याचा पत्ता नसतो. म्हणजे अहवालातील फुगवटा हाच दुखण्याचा गुन्हेगार आहे असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा त्याची बाजू आणि पातळी पायातील कळेच्या वाटेशी जुळते. फक्त चित्र पाहून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे.

पहिले दोन-तीन आठवडे

पूर्ण विश्रांती हा या दुखण्यावरचा सर्वांत जुना आणि सर्वांत कुचकामी सल्ला आहे. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणावर ठेवले होते आणि बाकीच्यांना जमेल तसे हिंडू-फिरू दिले होते; बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतील ८७ टक्के रुग्ण सुधारले होते. पडून राहिलेल्यांच्या पदरी जास्तीचे काहीच पडले नाही. कळ तीव्र असताना एक-दोन दिवस अधूनमधून आडवे होण्यास हरकत नाही. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्यास, किंवा कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी धरल्यास बहुतेकांना आराम वाटतो. पण जाग असताना दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून थोडे चालावे, सपाट जागी पाच-दहा मिनिटे, दिवसातून पुष्कळदा. बसण्याचा एक सलग अवधी वीस-तीस मिनिटांपेक्षा लांबवू नये. पुढे वाकून आणि त्याच वेळी कंबर वळवून वजन उचलणे या काळात पूर्ण बंद ठेवावे. शेकाने स्नायूंचा ताठरपणा जातो, नस बरी होत नाही. बरे वाटत असेल तर तो घ्यावा, पण पाय बधिर असेल तिथे गरम पिशवी ठेवू नये, कारण भाजल्याचे कळत नाही.

व्यायाम : कळ कुठे जाते ते पाहणे

या मार्गदर्शनातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही की, व्यायाम योग्य आहे की नाही हे वेदनेच्या तीव्रतेवरून नव्हे, तर तिच्या जागेवरून ठरते. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून नितंबात आणि तिथून कंबरेत गोळा होत असेल, तर कंबर आधीपेक्षा थोडी जास्त दुखली तरी प्रकृती सुधारते आहे. उलट कंबर मोकळी झाली पण मुंग्या बोटांपर्यंत उतरल्या, तर तो व्यायाम त्या दिवसापुरता थांबवावा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी या निरीक्षणावर आपली सगळी पद्धत उभी केली, आणि कळ अशी मागे सरकणाऱ्या रुग्णांचा पुढचा प्रवास सहसा चांगला होतो.

चकतीच्या दुखण्यात सुरुवात पालथे झोपण्यापासून करावी. दोन-तीन मिनिटे नुसते पालथे पडून राहावे. कळ पायात उतरली नाही, तर कोपरांवर टेकून छाती उचलावी आणि पुन्हा तितकाच वेळ थांबावे. हे सहज जमू लागल्यावरच तळहातांवर जोर देऊन, कंबर आणि नितंब सैल सोडून, धड हळू वर न्यावे आणि खाली आणावे. एका वेळी आठ-दहा, दिवसातून चार-पाच वेळा. प्रत्येक पायरीनंतर कळ कुठे आहे हे तपासावे. पोकळी अरुंद झालेल्या वयस्क रुग्णांनी मात्र हे मागे वाकणे टाळावे. त्यांना पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणे आणि जागेवरची सायकल मानवते.

नसेसाठी वेगळा हलका व्यायाम असतो. खुर्चीवर बसून दुखऱ्या पायाचा गुडघा सरळ करताना मान वर करावी आणि गुडघा वाकवताना हनुवटी छातीकडे आणावी, म्हणजे नस एका टोकाला ताणली जात असताना दुसऱ्या टोकाला सैल सुटते आणि आपल्या वाटेत पुढे-मागे सरकते. ती ताणायची नसते. पाय सरळ ठेवून वाकून अंगठे धरण्याचा हट्ट, जो मांडीचा मागचा भाग ‘आखडला’ म्हणून बरेच जण करतात, तो सुजलेल्या नसेला चिडवतो. आखडलेपणा वाटतो तो पुष्कळदा नसेचाच असतो.

कळ गुडघ्याच्या वर आल्यावर चालण्याचा वेळ वाढवावा, आणि पोट, पाठ व नितंबांचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम जाणकार फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करावेत.

औषधे, इंजेक्शन आणि बाकीचे

इबुप्रोफेनसारखी सूज कमी करणारी औषधे थोड्या दिवसांसाठी उपयोगी पडू शकतात, पण पोट, मूत्रपिंड, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. नसेच्या दुखण्यावर सर्रास लिहून दिले जाणारे प्रीगॅबालिन ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर तपासले गेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही, चक्कर मात्र जास्त आली. ब्रिटनमधील नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे आज सायटिकासाठी ते देऊ नये असेच सांगतात. तरीही आधीच चालू असलेली गोळी स्वतःहून एकदम बंद करू नये. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते. कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ओढून ताण देणे, यांचीही शिफारस ही तत्त्वे करीत नाहीत.

नसेच्या मुळाजवळ दिले जाणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन तीव्र आणि अलीकडे सुरू झालेल्या कळेत काही आठवडे आराम देऊ शकते. तो वेळ झोपण्यासाठी, चालण्यासाठी आणि व्यायामासाठी वापरला तरच इंजेक्शनचा खर्च आणि जोखीम सार्थकी लागते.

किती काळ थांबावे

बहुतेकांचे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत स्पष्टपणे कमी होते. त्यानंतरही तीव्र कळ राहिली तर शस्त्रक्रियेचा विचार करणे म्हणजे हार नव्हे. नेदरलँड्समधीलच, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट केले होते. लवकर शस्त्रक्रिया ठरवलेल्या गटाला आराम लवकर पडला. थांबलेल्या १४२ जणांपैकी ५५ जणांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. आणि वर्षाअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झालेले होते. म्हणून ताकद शाबूत असेल तर प्रश्न बहुधा इतकाच उरतो की, आणखी किती दिवस हे सहन करणे आपल्याला, आपल्या झोपेला आणि कामाला परवडते, आणि त्याचे उत्तर रुग्णाने स्वतः द्यायचे असते. ताकद घटत असेल तर मात्र हा हिशेब लागू होत नाही.

बरे होताना सहसा आधी कळ जाते, मग ताकद येते, आणि बधिरपणा सर्वांत शेवटी जातो, कारण इजा झालेला मज्जातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो आणि कंबरेपासून अंगठ्यापर्यंतचे अंतर बरेच आहे. कळ पूर्ण थांबली असेल आणि टाचांवर व चवड्यांवर नीट चालता येत असेल, तर अंगठ्याचा उरलेला बधिरपणा काही महिने राहिला तरी त्याच्यासाठी नवे चित्र काढण्याची किंवा गोळी वाढवण्याची गरज नसते. त्या काळात अनवाणी चालताना पावलाला झालेल्या जखमा मात्र रोज डोळ्यांनी पाहून घ्याव्यात.