‘बोल ना, बाळा’ म्हणणं आधी थांबवा

मूल बोलायला उशीर लावत असेल तर सगळ्यात आधी त्याचे कान तपासून घ्या. ‘त्याला ऐकू नीट येतं हो, जाहिरात लागली की आतल्या खोलीतून धावत येतो,’ हे वाक्य मी वाचा-उपचाराच्या कामात इतक्या वेळा ऐकलंय की आता पुढचा शब्दही आधीच कळतो. जाहिरातीला धावणाऱ्या मुलाला ‘स’, ‘श’, ‘फ’सारखे बारीक आवाज ऐकू येत नसतील, असं होऊ शकतं. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल तर सर्दीत कमी ऐकू येतं, एरवी बरं, आणि घरच्यांना वाटतं पोरगं मुद्दाम दुर्लक्ष करतंय. तपासणीत मुलाला काही सांगावं लागत नाही. ओएई चाचणीत कानात छोटंसं टोक बसवून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजतात. बेरा चाचणीत आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते बघतात, आणि ती लहान मुलं झोपलेली असताना करतात. मागे उभं राहून टाळी वाजवली आणि मूल वळलं, ही तपासणी नव्हे.

आता ‘अजून थोडं थांबू या’बद्दल. वर्षाचं होईपर्यंत बाळ ‘बाबाबा’, ‘दादादा’ असं बडबडत नसेल, बोट दाखवणं, टाटा करणं असे हावभाव नसतील. सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नसेल. दोन वर्षांचं झाल्यावर आपणहून दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. आणि आलेले शब्द गेले, तर कुठल्याही वयात त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ‘मुलगे उशिराच बोलतात’ यात तथ्य आहे ते अगदी थोडं. तो फरक वर्षाचा नसतो. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे आपोआप बरोबरीला येतात हेही खरं, पण त्यातलं आपलं कुठलं हे आधी सांगता येत नाही. शिवाय खाली जे सांगणार आहे त्याने कुणाचंच नुकसान होत नाही, मग वाट कशाची बघायची?

घरात दोन भाषा असल्याने मूल बोलायचं थांबत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले धरा आणि जी भाषा तुमच्या तोंडात सहज येते तीच बोला.

प्रश्न कमी करा

बहुतेक आईवडील मुलाशी बोलत नाहीत, त्याची तोंडी परीक्षा घेतात. ‘हे काय आहे? हा रंग कोणता? काकूंना सांग ना, हत्ती कसा करतो?’ ज्याला उत्तर देता येत नाही त्याला दिवसभर प्रश्नच मिळतात, आणि काही महिन्यांत ते मान फिरवायला शिकतं. यात प्रेमच असतं, मला माहीत आहे, पण उपयोग होत नाही.

त्याऐवजी जमिनीवर बसा, समोरासमोर, तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतील असे. ते काय बघतंय ते बघा आणि त्याचंच नाव घ्या. ते गाडीचं चाक फिरवत असेल तर तुम्ही ठोकळ्यांचा मनोरा दाखवू नका, ‘चाक. चाक फिरलं,’ एवढं म्हणा आणि गप्प बसा. नेम सोपा आहे: मूल जेवढं बोलतं त्याच्यापेक्षा एखादा शब्द जास्त. ते काहीच बोलत नसेल तर तुमचं वाक्य एकदोन शब्दांचं. ‘गाडी’ म्हणत असेल तर ‘गाडी पळाली’. वाक्य छोटं करा, मोडकं मात्र करू नका. ‘बॉल पडला’, ‘गाडी पडली’, ‘फूल पडलं’ यातला शेवट मुलाच्या कानावर जायलाच हवा, नाहीतर ते तो शिकणार कुठून?

शब्द कोणते निवडायचे, इथेही गफलत होते. रंग, आकडे, प्राणी यांवर घरं जीव टाकतात. पाहुण्यांसमोर ‘जिराफ’ म्हणणारं मूल डबा उघडत नाही म्हणून रडून लाल होतं, कारण ‘उघड’ त्याच्याकडे नसतं. दे, नको, उघड, अजून, संपलं, ये, थांब. जिराफ कुठे पळून जात नाही.

थांबायला शिका

साबणाच्या फुग्यांची बाटली घ्या. फुगे उडवा, मुलाला मजा येऊ द्या, मग झाकण घट्ट लावून बाटली त्याच्या हातात द्या आणि मनात दहापर्यंत मोजा. चौथ्या-पाचव्या आकड्याला तुमचं तोंड शिवशिवेल. बोलू नका. चेहरा मात्र उत्सुक ठेवा, भुवया वर.

मूल काय करेल ते नीट बघा. आधी झाकणाशी झटेल, बाटली हलवेल. मग थांबून तुमच्याकडे बघेल. मग कदाचित बाटली तुमच्या हातावर दाबेल, किंवा ‘अं’ करेल. हेच मागणं. शब्द नसला तरी त्याने तुम्हाला काहीतरी सांगितलं आहे. त्या क्षणी ‘उघड! उघडलं!’ म्हणत झाकण काढा आणि फुंका. पुन्हा झाकण लावा.

इथे एक गोष्ट मी कुणालाही करू देत नाही: ‘आधी फुगा म्हण, मग देते.’ ज्याच्याकडे तो शब्द नाही त्याच्याकडून खंडणी मागितल्यासारखं आहे ते. दोनचारदा असं झालं की मूल मागणंच सोडून देतं आणि स्वतः खुर्ची ओढून कपाट उघडायला लागतं. घरचे म्हणतात, किती स्वावलंबी!

(जाता जाता: फुगे मागण्यासाठी आहेत, तोंडाच्या व्यायामासाठी नाहीत. फुंकर मारून, शिट्ट्या वाजवून, जिभेच्या कसरती करून मूल बोलायला लागतं याला चांगला पुरावा नाही.)

हीच युक्ती रोजच्या कामांत पेरता येते. अंघोळीला न्या आणि नळ सोडू नका. एकच मोजा घाला आणि निवांत बसा. झोका मागे ओढून धरा, ‘एक, दोन…’ म्हणा आणि ‘तीन’ त्याच्यावर सोडा. ओळखीच्या गाण्यातला शेवटचा शब्द गिळा. दिवसातले असे दोनतीन प्रसंग ठरवा आणि रोज तेच करा. दिवसभर करायला गेलात तर तुम्हीही थकाल आणि मूलही वैतागेल.

चुकीचा उच्चार, उलटे शब्द

मूल ‘दाडी’ म्हणालं तर ‘दाडी नाही, गाडी म्हण’ असं करू नका. ‘हो, गाडी. मोठी गाडी आली,’ एवढंच. बरोबर शब्द त्याच्या कानावर पडला, आणि बोलल्याबद्दल टोमणाही बसला नाही. ‘र’ आणि ‘ळ’ तसेही उशिरा बसतात.

काही मुलं तहान लागली की ‘तुला पाणी हवं?’ म्हणतात. त्यांनी तुमचं वाक्य जसंच्या तसं उचललेलं असतं, आणि त्याचा अर्थ ‘मला पाणी हवं’ असाच असतो. हसू नका, ‘तुला नाही, मला म्हण’ हा व्याकरणाचा तासही नको, त्याने गोंधळ वाढतो. त्याच्या जागेवरून ‘मला पाणी हवं’ म्हणा आणि पाणी द्या.

चित्रं आणि खुणा

चित्रं किंवा खुणा सुचवल्या की घरात भीती पसरते: मग हा बोलणारच नाही. झालेल्या अभ्यासांत असं दिसलेलं नाही. चित्रांमुळे बोलणं घटत नाही, काही मुलांमध्ये थोडं वाढतंही. चित्र-देवाणघेवाणीची एक पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये अमेरिकेत सुरू केली. तिची पहिली पायरी बघण्यासारखी आहे. मोठी माणसं दोन लागतात. एक समोर आवडती वस्तू घेऊन बसतो, दुसरा मुलाच्या मागे. मुलाने वस्तूकडे हात नेला की मागचा माणूस काहीही न बोलता तो हात चित्राकडे वळवतो आणि चित्र समोरच्याच्या हातात पोचवतो. तुम्ही घरी चित्रांचा बोर्ड केलात तर त्यावर बोलताना स्वतःही बोट ठेवा. मोठे वापरत नाहीत ते मूल वापरत नाही.

मोबाइल

2003 मध्ये संशोधक पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेची बारा सत्रं दिली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तोच मजकूर पडद्यावर बघणाऱ्यांना काही आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन वर्षांखालच्यांना पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्यांना तासापेक्षा जास्त नको असं सांगितलं, ते यामुळे पटतं. कोपऱ्यात कुणीच न बघता चालू असलेला टीव्हीही बंद करा. तो चालू असला की मोठी माणसं मुलाशी कमी बोलतात.

थेरपी

आठवड्यातला एखादा तास उपचारतज्ज्ञाचा, बाकी सगळे तुमचे. म्हणून सत्राच्या वेळी खोलीत बसू द्या असा आग्रह धरा आणि निघताना विचारा: या आठवड्यात घरी नेमकं काय करू? ‘भरपूर बोला त्याच्याशी’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

कपाटावर कागद चिकटवून शब्द तारखेसह लिहा. एकाच अर्थाने पुन्हा पुन्हा येणारा आवाज म्हणजे शब्द, मग उच्चार कसाही असो. ‘भूभू’ धरा, खूणही धरा. महिन्यातून एकदा खेळतानाचा छोटा व्हिडिओ घ्या आणि बघताना मुलाकडे नको, स्वतःकडे लक्ष द्या: प्रश्न किती विचारले, आणि विचारून थांबलात किती.

आणि मोठं भावंड असेल तर ते याच्या आधी उत्तर देणारच. त्याला गप्प बसवू नका, कामाला लावा. फुग्यांची बाटली त्याच्याकडे द्या आणि मनात दहा मोजायला सांगा. मुलं हे आपल्यापेक्षा लवकर शिकतात, आणि लहान्यालाही आईपेक्षा ताईकडे मागायला जास्त आवडतं.