सिंगापुरातला पहिला मोकळा शनिवार

घर मिळालं, बँकेचं खातं उघडलं, फोन सुरू झाला की पहिला मोकळा शनिवार उजाडतो आणि नवीन आलेलं कुटुंब एका दिवसात अख्खं सिंगापूर उरकायला निघतं. सकाळी मर्लायन, दुपारी सेंटोसा, रात्री गार्डन्स बाय द बे, मधे कुठल्यातरी मॉलमध्ये जेवण. घरी येईपर्यंत पायांचे तुकडे पडलेले असतात आणि शहर होतं तेवढंच परकं राहिलेलं असतं. मी इथे १४ वर्षं राहतेय. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगते: त्या जागा पाहुणे आले की बघून होतीलच, पाहुणे येणार आहेतच. पहिला शनिवार तेलोक आयर ते मॅक्सवेल एवढ्या टापूतच घालवा आणि तिथे स्वतःच्या तोंडाने जेवण मागवायला शिका.

इथे बाराही महिने सूर्य साताच्या सुमाराला उगवतो. त्यामुळे आठला निघालात तर चालायला छान वेळ मिळतो; अकरानंतर अंगाचं पाणी पाणी होतं. एमआरटी म्हणजे इथली मेट्रो; तिच्या फाटकावर बँकेचं कार्ड टेकवलं की काम होतं. बसमधून उतरताना मात्र कार्ड पुन्हा टेकवायला विसरू नका, नाहीतर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापलं जातं. आणि एमआरटीत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. खाण्यापिण्याबद्दल ५०० डॉलरपर्यंत दंड आहे. मुलांना आधीच समजावून ठेवा.

डाउनटाउन लाइनवर तेलोक आयरला उतरा. मलायमध्ये तेलोक म्हणजे खाडी किंवा उपसागर, आयर म्हणजे पाणी. आज तिथून समुद्र दिसतही नाही, पण भराव घालण्याआधी हा रस्ता म्हणजे किनाराच होता. बोटीतून उतरलेला माणूस इथेच पहिलं पाऊल टाकायचा. म्हणूनच थोड्याशा अंतरात एवढी प्रार्थनास्थळं आहेत. आधी नागोर दर्गा लागतो, १८२८ ते १८३० या काळात कोरोमंडल किनाऱ्यावरून आलेल्या तमिळ मुसलमानांनी उभारलेला. पुढे थिआन होक केंग, दर्यावर्दींची देवी माझू हिचं होक्किएन लोकांचं, म्हणजे चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्यांचं, देऊळ. प्रवास सुखरूप पार पडला म्हणून लोक इथे आधी हात जोडायचे, मग कामधंदा शोधायला निघायचे. दाराचा उंबरा उंच आहे. त्यावर पाय न देता ओलांडून आत जा आणि आतल्या अंगणात पाच मिनिटं नुसते उभे राहा. आपल्या आधी घरदार सोडून इथे आलेल्या माणसांची ही जागा आहे. मला तर तिथे दर वेळी भरून येतं.

मग आन सियांग हिलच्या पायऱ्या चढून पलीकडे साउथ ब्रिज रोडला उतरा. श्री मरिअम्मन मंदिर १८२७ सालचं, इथलं सर्वांत जुनं हिंदू देऊळ. दुपारी ते बंद असतं, त्यामुळे बाराच्या आत दर्शन घ्या. ऊन किंवा पाऊस लागला तर जुन्या दुकानांसमोरच्या छपराखालून चाला. पाच फूट रुंदीच्या या झाकलेल्या वाटा १८२२ च्या नगररचनेत बंधनकारक केल्या होत्या आणि आजही त्या रोज उपयोगी पडतात.

आता जेवण. मॅक्सवेल फूड सेंटरला साडेअकरालाच पोचा. इथल्या हॉकर संस्कृतीची, म्हणजे एका छपराखालच्या छोट्या गाळ्यांवर जेवण विकण्या-खाण्याच्या पद्धतीची, २०२० मध्ये युनेस्कोने नोंद घेतली, पण नवख्या माणसाची तिथे पहिल्यांदा तारांबळ उडते. आधी टेबल धरायचं. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे. याला ‘चोप’ करणं म्हणतात. तुम्हीही तसंच करा आणि मगच रांगेत लागा. विकणारे वयाने मोठे असले तर अंकल किंवा आँटी म्हणा. ‘हॅविंग हिअर?’ असं विचारतील, त्यावर ‘येस’ एवढंच पुरे. बांधून हवं असेल तर ‘ता पाओ’.

कॉफीची भाषा आधी पाठ करा, कारण तिच्यामुळेच धीर चेपतो. कोपी म्हणजे आटवलेल्या गोड दुधाची, कोपी-सी म्हणजे इव्हॅपोरेटेड (आटवलेलं पण बिनसाखरेचं) दूध आणि साखर घातलेली, कोपी-ओ म्हणजे दुधाशिवाय पण साखर घातलेली. मागे ‘कोसोंग’ लावलं की साखर बाद, ‘सिऊ दाय’ म्हटलं की कमी गोड, ‘पेंग’ म्हटलं की बर्फ घालून. चहाला हेच सगळं ‘तेह’ला जोडायचं. मी पहिले दोन महिने बोटाने दाखवून कॉफी मागवायचे. ज्या दिवशी ‘कोपी-सी सिऊ दाय’ म्हटलं आणि समोरच्या आँटींनी मान वर न करता कप भरायला घेतला, त्या दिवशी मला इथलं झाल्यासारखं वाटलं.

शाकाहारी असाल तर नीट लक्ष द्या. ‘व्हेजिटेबल’ लिहिलंय म्हणजे शाकाहारी, असं समजू नका. सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बहुतेक वेळा बेलाचान म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी असते, इथल्या रोजाकमध्येही (फळं-भाज्यांच्या कोशिंबिरीत) कोळंबीचा लगदा पडतो, आणि भाज्या ऑयस्टर सॉसमध्ये परततात. मी एकदा फक्त ‘नो मीट’ म्हणाले होते आणि निम्मं ताट संपल्यावर सांबालचा वास ओळखला. तेव्हापासून अंडं, मासा, कोळंबी प्रत्येकाचं नाव घेऊन विचारते. त्यापेक्षा चिनी शाकाहारी गाळा शोधलेला बरा. तिथे बौद्ध पद्धतीचं जेवण असतं आणि पुष्कळदा कांदा-लसूणही नसतो. पाटीवरचं शाकाहाराचं चिनी अक्षर फोटो काढून फोनमध्ये ठेवा. मांसाहारी असाल तर सर्वांत लांब रांगेत उभे राहा, बस.

जेवण झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. हलाल भांड्यांची मांडणी वेगळी असते, तेवढी पाटी वाचा. २०२१ पासून टेबल तसंच सोडून गेलात तर दंडही होऊ शकतो.

दुपारी पाऊस आला तर शेजारीच सिंगापूर सिटी गॅलरी आहे. प्रवेश फुकट, रविवारी मात्र बंद. आत शहराच्या मध्यभागाची भली मोठी प्रतिकृती आहे. मुलांना सकाळी चाललेला रस्ता त्यात शोधायला लावा. समुद्र किती मागे सरकलाय ते लगेच कळतं.

संध्याकाळी दमून घरी जाताना आपल्या इमारतीखालच्या कोपीटियाममध्ये, म्हणजे कॉफीच्या साध्या दुकानात, थांबा. सकाळी शिकलेले शब्द तिथे पुन्हा वापरा आणि पुढच्या शनिवारीही तिथेच जा. चार-पाच खेपांनंतर तुम्ही तोंड उघडायच्या आत तुमचा कप समोर येईल.