रात्रीच्या स्लॅबची हजेरी: माझा अनुभव

पिंपरी-चिंचवडमधील आमच्या इमारतीच्या कामावर गवंडी, फिटर, सेंटरिंगवाले आणि बिगारी मिळून साठेक माणसे होती. त्यांची हजेरी मुकादमाच्या वहीतून मोबाइल ॲपवर आणल्यानंतर पहिल्याच स्लॅबला घोटाळा झाला. काँक्रीट रात्री 2 वाजेपर्यंत चालले; ॲपने मध्यरात्री तारीख बदलताच पाळीचे दोन तुकडे केले आणि 22 जणांचा ओव्हरटाइम पगारपत्रकातून गळाला. कायद्याने दुप्पट दराने मिळायला हवेत असे ते कष्टाचे पैसे होते, म्हणून वहीशी एकेक नोंद ताडून मी ते आधी चुकते करवले. त्यानंतर सेटिंगमध्ये दिवसाची सुरुवात सकाळी 6 वाजता धरली, तेव्हा पाळी अखंड राहू लागली.

तळघरात रेंज नसल्याने नोंदीवर अपलोडची वेळ उमटत असे. तेथे फोनमधील मूळ वेळ ग्राह्य धरली. दैनिक अहवालात मजूरसंख्या आता हजेरीतूनच येते, आणि इंजिनिअर फक्त झालेले काम घनमीटरमध्ये व फोटोसह भरतो. मुकादमाची वही मात्र मी बंद केलेली नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी कामगाराला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो देताना दोन्ही नोंदी जुळलेल्या असाव्यात, असा माझा आग्रह आहे.