हातभर दोरा, चार सुया

पावसाळ्यात वेंगुर्ल्यात रात्री जेवणानंतर दुसरं काय करणार? आईच्या जुन्या सुती लुगड्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला घेऊन बसायचे. "हा एवढा फेरा पुरा करते" म्हणता म्हणता साडेअकरा व्हायचे. सकाळी बघावं तर शेवटची दोन वीत शिवण वाकडी. तांदळाच्या दाण्याएवढा धावदोरा शेंगदाण्याएवढा झालेला, खालच्या थराला ही मोठी चुणी. मग चहा गार होईपर्यंत उसवत बसा!

मोबाइलवर गजर लावून पाहिला. तो बंद करून शिवायचे.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "दोरो मोजून घे गो." आता चार सुया ओवून ठेवते, प्रत्येकीत हातभरच दोरा, आणि रीळ माडीवर. चौथी संपली की जिना चढायचा कंटाळाच मला थांबवतो. त्याआधी सुई दोनदा बोटात घुसली किंवा टाका तांदळाच्या दाण्याहून लांबला, तरी तिथेच गाठ मारते, फेरा अर्धा का असेना.

सुई मात्र वाकळीत टोचून ठेवत नाही, डबीत टाकते. आमच्या दमट हवेत ती गंजते आणि पांढऱ्या कापडावर तांबडा ठिपका उमटतो. एक आहे माझ्या वाकळीवर, उशाकडच्या कोपऱ्यात.