रीफ टँक दुसऱ्या गावी नेताय? या चुका टाळा

जळगाव ते धुळे शंभर किलोमीटरही नाही. तरी मे महिन्यात माझा 200 लिटरचा रीफ टँक (प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी) तिकडे नेला आणि तिसऱ्या दिवशी दोनपैकी एक क्लाउनफिश गेला. प्रवास त्याला बाधला नव्हता. घात वाळूनं केला.

जुनी वाळू उचलून तशीच नव्या जागी ओतायची, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वरून ती पांढरीशुभ्र दिसते. खाली मात्र दोन-तीन वर्षांची विष्ठा, उरलेलं खाद्य आणि ऑक्सिजन न पोचलेला काळपट थर असतो. तो ढवळला की कुजक्या अंड्यांचा वास सुटतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. सडणाऱ्या गाळातून अमोनियाही वाढतो. खाऱ्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.3 असतो, तेवढ्या पीएचला, आणि त्यात पाणी गरम असलं तर, अमोनियाचा विषारी भाग आणखी वाढतो. पाणी तपासायच्या किटनं अमोनिया दाखवला तेव्हा माझ्याकडे बदलायला तयार पाणी नव्हतं. मीठ विरघळून पाणी स्थिर व्हायला रात्र जाते, आणि ती रात्र त्या माशाला मिळाली नाही. म्हणून वाळू नवीच घ्या, किंवा खाऱ्या पाण्यात निवळ येईपर्यंत धुवा. निम्मा टँक भरेल इतकं पाणी आदल्या दिवशीच कालवून, पंप लावून फिरत ठेवा.

जुन्या पाण्यावर लोकांचा फार जीव. कॅनमागून कॅन भरून नेतात आणि लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू वसलेले टँकमधले दगड, मात्र गोणपाटात कोरडे टाकतात. अमोनिया पचवून टँक चालवणारे जिवाणू पाण्यात नगण्य असतात, ते राहतात दगडांच्या छिद्रांत. दगड टँकच्याच पाण्यात बुडवून न्या, नाहीतर त्याच पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळा. सुकलेल्या दगडावरचे स्पंजसारखे जीव मरतात आणि नव्या घरी अमोनियात भर घालतात.

माशांना आदल्या दिवशी खाद्य देऊ नका. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, आणि पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा पहाटे चारला निघा. प्रवास लांबला असेल तर पोचल्यावर पिशवी उघडी ठेवून थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून साचलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी राहतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. पिशवी बंदच तरंगवून तापमान जुळू द्या, क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण) आधी जुळवलेली असू द्या, आणि मासा लगेच सोडा.

पाण्याचं म्हणाल तर बोअरचं पाणी नकोच. घरच्या आरओमध्ये बऱ्याचदा चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं. उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्यावर आणा. स्वयंपाकाचं मीठही चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसतं.

आता खानदेशाची खास अडचण. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत टँकवर साधा पंखा सोडला तरी पाणी तीन-चार अंशांनी उतरतं, पाणी थंड करणाऱ्या चिलरची गरज अनेकदा भासत नाही. पण पाणी उडतं, मीठ जागेवरच राहतं. रोजची घट मिठाच्या पाण्यानं भरली तर क्षारता 35 वरून (दर हजार भागांत 35 भाग मीठ) चढत जाते. घट नेहमी साध्या आरओ-डीआय पाण्यानंच भरा. पावसाळ्याच्या दमट हवेत हाच पंखा फारसा उपयोगी पडत नाही, तेव्हा मेपेक्षा सावध राहा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. कुणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका.

लाइट गेली तर दिव्यांची काळजी नको, प्रवाळ एक-दोन दिवस अंधार सोसतात. इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) लावा. तोही बंद पडला तर बॅटरीचा एअर पंप सुरू करा, आणि तो पंप हाती येईपर्यंत दर दहा-पंधरा मिनिटांनी तांब्यानं पाणी उचलून उंचावरून ओतत राहा.