टच आणि प्रॉक्सिमिटी सर्किट जोडताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी ऐन जुलैमध्ये मी नाशिकच्या आमच्या घराच्या दाराशी स्पर्शाने वाजणारी घंटा बसवली होती. लाकडी पट्टीवर चार मिलिमीटर अंतराने दोन पितळी स्क्रू, त्यांच्यामागे एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक पिझो बझर आणि ९ व्होल्टची बॅटरी, एवढाच तिचा संसार होता. पावसाळाभर ती चोख वाजली. पुढच्या जानेवारीत, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या रोज वर्तमानपत्रात येत असताना, ती एकाएकी मुकी झाली. बॅटरी बदलली, ट्रान्झिस्टर बदलला, बझर थेट बॅटरीला लावून पाहिला. सगळे भाग धडधाकट निघाले. अखेर मल्टीमीटर २००० किलोओहमच्या रेंजवर ठेवून त्याची दोन्ही टोके बोटाने दाबली, तेव्हा पडद्यावर डाव्या कडेला नुसता १ उभा राहिला. म्हणजे बोटाचा रोध रेंजच्याही पलीकडे गेला होता. त्याच बोटावर तोंडाची वाफ सोडून पुन्हा दाबले, तर आकडा दोनशेच्या आसपास उतरला आणि त्या ओलसर बोटाने घंटाही वाजली.

या छंदातल्या बहुतेक बिघाडांचे मूळ असेच चित्राबाहेर सापडते. सर्किटच्या आकृतीत बोट, हवा, भिंतीचा ओलावा, खिडकीतले ऊन आणि अडॅप्टर काढलेले नसतात, मात्र टच आणि प्रॉक्सिमिटी, म्हणजे स्पर्श आणि जवळ आलेली वस्तू ओळखणाऱ्या, सर्किटमध्ये ते सगळे प्रत्यक्ष घटक म्हणूनच काम करत असतात. म्हणून सुटे भाग बदलत बसण्याआधी पुढच्या गोष्टी तपासाव्यात.

एकाच ट्रान्झिस्टरवर विसंबणे

बीसी ५४७ चा गेन, म्हणजे बेसमध्ये गेलेला करंट कलेक्टरला किती पट होतो तो आकडा, त्याच्या ए, बी, सी या गटांनुसार ११० ते ८०० च्या दरम्यान कुठेही असू शकतो; हिशेबासाठी आपण तो २०० धरू. बोटाचा रोध २०० किलोओहम असेल, तर ९ व्होल्टवर बेसमध्ये साधारण ४१ मायक्रोअँपिअर करंट जातो आणि कलेक्टरला ८ मिलिअँपिअर मिळतात, जे लहान पिझो बझरला पुरतात. तेच बोट कोरड्या थंडीत २ मेगाओहम झाले, की कलेक्टरचा करंट १ मिलिअँपिअरच्याही खाली येतो. त्यावर बझर फार तर कुजबुजेल.

उपाय म्हणजे दोन बीसी ५४७ डार्लिंग्टन पद्धतीने जोडणे, म्हणजे पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला आणि दोन्ही कलेक्टर एकत्र. दोघांचा गेन गुणला जातो, तो कागदावर ४०,००० होतो आणि जानेवारीचे बोटही पुरून उरते. पण इथेच दुसरी चूक दबा धरून बसलेली असते, कारण इतके संवेदनशील सर्किट ऑगस्टमध्ये ओल धरलेल्या भिंतीलाही बोट समजते. माझी सुधारित घंटा एका पावसाळी रात्री दोन वाजता आपणहून वाजू लागली, तेव्हा घरच्यांनी जे ऐकवले ते येथे लिहिण्यासारखे नाही. पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस आणि ग्राउंड (बॅटरीचे ऋण टोक) यांच्यामध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर लावला, की हा त्रास थांबतो. डार्लिंग्टन जोडी चालू होण्यासाठी बेसवर सुमारे १.२ व्होल्ट लागतात. ९ व्होल्टच्या सर्किटमध्ये या रेझिस्टरमुळे सुमारे साडेसहा मेगाओहमपेक्षा जास्त रोधाची गळती तेवढे व्होल्टेज उभे करू शकत नाही, आणि २ मेगाओहमचे कोरडे बोट मात्र सहज करते. कोणत्या रोधापर्यंत सर्किटने जागे व्हायचे, हे अशा रीतीने एका रेझिस्टरने ठरवता येते.

याशिवाय बेसच्या वाटेत १० ते १०० किलोओहमचा एक रेझिस्टर अवश्य ठेवावा. तो नसेल आणि एखाद्या चौकस पाहुण्याने दोन्ही स्क्रूंवर नाणे टेकवले, तर पूर्ण ९ व्होल्ट थेट बेसवर येतात आणि ट्रान्झिस्टर जळतो.

घरी चालते, बाहेर चालत नाही

माझ्या भाच्याने विज्ञान प्रदर्शनासाठी ५५५ या टायमर आयसीचा टच स्विच केला होता. पत्र्याचा एकच तुकडा, तो दोन क्रमांकाच्या पिनला जोडलेला, आणि बोट लावले की पाच सेकंद दिवा. घरी शंभरदा चालले. प्रदर्शनाच्या दिवशी मैदानातल्या मंडपात, बॅटरीवर, परीक्षक समोर उभे असताना एकदाही चालले नाही आणि पोराचा चेहरा पडला.

घरात आपल्याभोवती विजेच्या तारा असतात आणि आपले शरीर अँटेनासारखे त्यांचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट उचलत असते. एका पट्टीच्या सर्किटमध्ये बोट लावल्यावर हाच गुणगुणाट दोन क्रमांकाच्या पिनवर जातो, त्याची खालची बाजू पुरवठ्याच्या एक तृतीयांशाच्या खाली उतरते आणि ५५५ चालू होतो. मोकळ्या मैदानात, द्राक्षबागेतल्या खोपीत किंवा परिसराची वीज गेलेली असताना हा गुणगुणाटच नसतो आणि बॅटरीच्या सर्किटचा जमिनीशीही संबंध नसतो. म्हणजे ज्याच्या जिवावर सर्किट चालत होते, ते आकृतीत कुठेच नव्हते.

यावर भरवशाचा इलाज म्हणजे दुसरी पट्टी देऊन ती सर्किटच्या ग्राउंडला जोडणे आणि एकाच बोटाने दोन्ही पट्ट्या झाकल्या जातील अशी रचना करणे. येथे पुल-अप, म्हणजे पिनला धन टोकाशी बांधणाऱ्या, रेझिस्टरचे मूल्य विचारपूर्वक निवडावे लागते. दोन क्रमांकाच्या पिनला १ मेगाओहमने धन टोकाशी बांधले, तर बोटाचा रोध ५०० किलोओहमच्या खाली आल्याशिवाय आयसी हलणार नाही, म्हणजे हिवाळ्यात पुन्हा तेच रडगाणे. १० मेगाओहम घेतल्यास ही मर्यादा ५ मेगाओहमपर्यंत जाते. मात्र साध्या ५५५ च्या त्या पिनमधून वाहणारा किंचित करंटही एवढ्या मोठ्या रोधापुढे गडबड करतो, म्हणून अशा वेळी ७५५५ ही सीमॉस आवृत्ती वापरावी. चार क्रमांकाची पिन धन टोकाला जोडायला विसरू नये, ती लोंबकळत राहिली तर सर्किट लहर लागेल तेव्हा रिसेट होते. आणि पाच क्रमांकाच्या पिनला १० नॅनोफॅरडचा, म्हणजे अंगावर १०३ छापलेला कपॅसिटर द्यावा. दिवा किती वेळ लागून राहील, ते १.१ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर या सूत्राने मिळते: १०० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरड घेतल्यास जेमतेम सव्वापाच सेकंद.

एक चूक मात्र जिवावर बेतणारी आहे. ट्रान्सफॉर्मर न वापरता, केवळ कपॅसिटरने २३० व्होल्ट उतरवणारा स्वस्त पुरवठा काही एलईडी दिव्यांतून काढून वापरला जातो. अशा पुरवठ्यात सर्किटचे ग्राउंड थेट मेन्सशी जोडलेले असते. त्यावर उघड्या धातूच्या पट्टीचा टच स्विच कधीही करू नये. शिकण्याच्या काळात बॅटरीवर किंवा चांगल्या प्रतीच्या ५ व्होल्ट चार्जरवरच काम करावे.

कपॅसिटिव्ह मॉड्यूलला घाई करणे

टीटीपी २२३ चे लहानसे मॉड्यूल आता सर्रास मिळते आणि बोटाच्या ओलाव्याचा प्रश्न ते मुळातच मिटवते, कारण ते रोध न मोजता बोटामुळे वाढलेली काही पिकोफॅरडची धारिता (कपॅसिटन्स) मोजते. पुरवठा मिळाल्यावर साधारण अर्धा सेकंद ते भोवतालची धारिता मोजून तिलाच शून्य मानते. त्याच क्षणी तुमचे बोट पट्टीवर असेल, तर बोटासकट शून्य ठरते आणि पुढे काही वेळ मॉड्यूल स्पर्शाला दाद देत नाही. मॉड्यूल बंद पडले म्हणून परत करायला निघालेल्या एकाला मी हात मागे घेऊन पुरवठा पुन्हा सुरू करायला सांगितले, आणि त्याची खेप वाचली.

पट्टीपासून मॉड्यूलपर्यंतची तार लांबवणे, ती इतर तारांबरोबर पिळून नेणे आणि सगळे धातूच्या डब्यात बसवणे या तिन्ही गोष्टी बोटापेक्षा मोठी धारिता आधीच जोडून ठेवतात. ब्रेडबोर्डच्या शेजारशेजारच्या दोन ओळींमध्येही काही पिकोफॅरड असतात, त्यामुळे ब्रेडबोर्डवर जमवलेली संवेदनशीलता पीसीबीवर बदलली तर नवल वाटू नये. संवेदनशीलता फार वाढली असेल, तर मॉड्यूलवरच्या रिकाम्या जागी ५० पिकोफॅरडपर्यंतचा कपॅसिटर लावून ती कमी करता येते. ए आणि बी या जागांपैकी एखादी सोल्डरने जोडल्यास आउटपुट उलटे होते किंवा एका स्पर्शाने चालू, दुसऱ्याने बंद असे होते. अनेक जण हे न पाहताच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. चार्जर लावल्यावर भुताटकी झाल्यासारखे आपोआप स्पर्श दिसत असतील, तर तेच मॉड्यूल बॅटरीवर चालवून पाहावे. बॅटरीवर शांत राहिले तर दोष चार्जरच्या गोंगाटाचा आहे. चार्जर बदलावा आणि मॉड्यूलच्या पुरवठ्याच्या पिनांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा.

इन्फ्रारेड: आधी डोळ्यांनी खात्री करा

जवळ आलेली वस्तू ओळखण्यासाठी इन्फ्रारेड एलईडी आणि फोटोडायोड ही जोडी सर्वांत स्वस्त पडते. एलईडी पेटला आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही; मोबाइलच्या कॅमेऱ्यातून, शक्यतो पुढच्या, पाहिल्यास फिकट जांभळा ठिपका दिसतो. ५ व्होल्टवर २२० ओहमचा रेझिस्टर दिल्यास एलईडीतून सुमारे १७ मिलिअँपिअर जातात, ते योग्य आहे. फोटोडायोड मात्र उलटा जोडायचा असतो, कॅथोड धन बाजूला. एलईडीच्या सवयीने तो सुलटा जोडला, तर प्रकाश असो वा अंधार, व्होल्टेज जागचे हलत नाही.

समोर काहीच नसताना आउटपुट सतत चालू राहत असेल, तर एलईडीचा प्रकाश बाजूनेच फोटोडायोडवर झिरपत असण्याची शक्यता सर्वाधिक असते. दोघांवर काळी स्लीव्ह चढवून पाहावी. काही काळी प्लास्टिके इन्फ्रारेडला काचेसारखी पारदर्शक असतात, त्यामुळे केवळ काळा रंग पाहून आडोसा निवडू नये. याउलट काळे कापड किंवा काळे केस इन्फ्रारेड फारसे परतवत नाहीत. पांढऱ्या कागदाला वीतभर अंतरावरून ओळखणारे सर्किट काळ्या छत्रीला चार बोटांवरही ओळखत नाही, आणि त्यात सर्किटचा काही दोष नसतो.

उन्हाचा प्रश्न याहून हट्टी आहे. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असल्याने पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेला सेन्सर दुपारी चार वाजता आंधळा होतो. संवेदनशीलता ठरवणारा प्रीसेट फिरवून हे सुटत नाही. एलईडी ३८ किलोहर्ट्झवर लुकलुकवून टीएसओपी १७३८ सारखा रिसीव्हर वापरावा लागतो. त्यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे या रिसीव्हरला अखंड ३८ किलोहर्ट्झ दिले, तर तो त्याला गोंगाट समजून दुर्लक्ष करू लागतो. म्हणून सुमारे ६०० मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत, मध्ये विश्रांती देत सिग्नल पाठवावा. दुसरे म्हणजे पिनांचा क्रम: टीएसओपी १७३८ मध्ये तो ग्राउंड, पुरवठा, आउटपुट असा आहे, तर त्याच्या जागी हमखास हातात पडणाऱ्या १८३८ मध्ये आउटपुट, ग्राउंड, पुरवठा असा. मी एकदा न पाहता जोडला आणि बोटाला चटका बसल्यावरच मला ते कळले.

कंपॅरेटर म्हणून, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करायला, एलएम ३५८ वापरत असाल, तर ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याचे आउटपुट सुमारे ३.५ व्होल्टच्या वर जात नाही आणि त्याचे इनपुटही तिथवरच विश्वासार्ह असते, हे लक्षात ठेवावे. एलएम ३९३ वापरत असाल, तर त्याचे आउटपुट स्वतःहून वर जातच नाही, त्याला १० किलोओहमचा पुल-अप द्यावा लागतो. नवख्याचे एलएम ३९३ दहातल्या नऊ वेळा एवढ्याचसाठी खराब ठरवले जातात, असे माझे मत आहे.

एमआयडीसीतून आलेला प्रॉक्सिमिटी

सातपूर आणि अंबडमुळे नाशिककरांच्या हाती मशीनवरून उतरवलेले जुने इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर पुष्कळदा पडतात. पितळी आट्यांचा नळीसारखा देह, मागे तीन तारा. तपकिरी तार धन, निळी ऋण आणि काळी आउटपुट, हा रंगांचा नियम सहसा पाळलेला असतो. त्याला बहुधा १० ते ३० व्होल्ट लागतात, म्हणून ५ व्होल्टवर तो मेल्यासारखा वाटतो. लेबलवर पीएनपी लिहिलेले असेल, तर काळ्या तारेवर पुरवठ्याएवढे, म्हणजे बारा किंवा चोवीस व्होल्ट येतात. ती तार थेट आर्डुइनो बोर्डाला जोडली, तर ती पिन गेलीच समजावी. मध्ये ऑप्टोकपलर, म्हणजे तारेऐवजी प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग, घालावा. हा सेन्सर हाताला किंवा लाकडाला ओळखत नाही, फक्त धातूला ओळखतो, आणि त्यातही लोखंड ज्या अंतरावरून ओळखतो त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावरून ॲल्युमिनिअम. ॲल्युमिनिअमच्या पट्टीवर चाचणी घेऊन चांगला सेन्सर भंगारात टाकलेला मी पाहिला आहे.

रिलेची थरथर

सेन्सर कोणताही असो, रिले, म्हणजे कॉइलवर चालणारा स्विच, त्याच्या पिनवरून थेट चालवू नये. ५ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल सुमारे ७० ओहमची असते आणि ७० मिलिअँपिअर ओढते. टीटीपी २२३ चे आउटपुट जेमतेम काही मिलिअँपिअर देते. मध्ये ट्रान्झिस्टर घालावा आणि कॉइलवर १एन ४००७ डायोड उलटा, म्हणजे त्याची पांढरी पट्टी धन बाजूला येईल असा लावावा. एवढे करूनही वस्तू मर्यादेच्या काठावर असताना रिले टकटक करत राहत असेल, तर एलएम ३९३ च्या आउटपुटपासून त्याच्या धन इनपुटपर्यंत १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडावा, आणि त्या इनपुटला येणारे व्होल्टेज १० किलोओहममधून द्यावे. ५ व्होल्टवर त्यामुळे चालू होण्याचा आणि बंद होण्याचा बिंदू सुमारे ५० मिलिव्होल्टने वेगळे होतात. टकटक तरीही राहिली, तर १ मेगाओहमच्या जागी ४७० किलोओहम घालून पाहावा.