परग्रहवासीयांसाठी संदेश: त्यात श्रद्धा कशी मांडायची?

गटाने संदेश तयार करताना आधी चौकट पक्की करा. १९७४ मध्ये आरेसिबो रेडिओ दुर्बिणीतून परग्रहवासीयांसाठी अंतराळात पाठवलेल्या संदेशात १६७९ बिट (म्हणजे ० किंवा १ असे अंक) होते. ही संख्या म्हणजे २३ आणि ७३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार. त्यामुळे बिटांचा आयत या दोन संख्यांचाच होतो. आलेखाच्या कागदावर ७३ ओळी आणि २३ रकाने आखा; भरलेलं घर म्हणजे १, रिकामं म्हणजे ०. उलट आखलंत तर चित्राचा नुसता विस्कोट होतो.

चौकटीच्या वरच्या ओळींत आकडे भरा. खरी कसोटी पुढे आहे. क्रॉस, चंद्रकोर, ॐ यांपैकी काहीच काढू नका. चिन्हाचा अर्थ परंपरेत असतो, रेषांमध्ये नाही. (शिवाय २३ रकान्यांत ॐ ची वळणं तुटतात.) त्याऐवजी कृती दाखवा: ५-५ रकान्यांच्या तीन उभ्या मानवाकृती, मध्ये एकेक रकाना मोकळा, आणि त्यांच्या पायाशी एक आडवी. मेलेल्यांना आम्ही एकटं सोडत नाही, एवढं तरी त्यातून सुचवता येतं.

शब्द घालणार असाल तर गृहीतकं अधोरेखित करा. व्हॉयेजर अंतराळयानांवर परग्रहवासीयांसाठी पाठवलेल्या ध्वनी-तबकडीवर ५५ भाषांतली अभिवादनं आहेत. मराठी अभिवादनातल्या ‘ह्या जन्मी’ या दोन शब्दांत पुनर्जन्माची कल्पना सहज डोकावते.

शेवटी फक्त ०-१ ची माळ गटाबाहेरच्या माणसाच्या हाती द्या. त्याला काहीही समजावून सांगू नका.